भावाचा रात्रीचा खोकला, इओसिनोफिल ४६ टक्के. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २९, सात महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आमच्याकडे राहायला आला. अडीच महिने झाले, कोरडा खोकला जात नाही. दिवसा ऑफिसात बरा असतो, रात्री दीड-दोन वाजले की सुरू. गादी गुंडाळून तिला टेकून बसतो, छातीतून पिपाणीसारखा आवाज येतो, डोळा लागतो तो उजाडताना. वजन पाच किलोने उतरलंय. "ताई, थांबूनच नाही राहिला गं," असं म्हणत वर मलाच सॉरी म्हणतो.

आधी दम्याचा पंप मिळाला, फारसा फरक नाही. मग एक्स-रे काढला, तर दोन्ही फुप्फुसांत बाजरी सांडल्यासारखे बारीक ठिपके. टीबीच असणार म्हणून घरात रडारड झाली, पण थुंकीच्या तपासण्या निगेटिव्ह. काल सीबीसी आला: पांढऱ्या पेशी १४,८००, त्यातल्या इओसिनोफिल या प्रकारच्या पेशी ४६ टक्के, ॲब्सोल्यूट म्हणजे त्यांची प्रत्यक्ष संख्या ६,८०८.

एका डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. सासूबाई म्हणतात, हा साधा इस्नोफिलिया, हेट्राझानच्या गोळ्या आणा. संरक्षण करणाऱ्या पेशी एवढ्या वाढल्यात, तर प्रतिकारशक्ती चांगली असायला हवी ना? मग हा खंगतोय का? आणि दाखवायचं कुणाला, छातीवाल्यांना की रक्तवाल्यांना? जाणकारांनी कृपया सांगावं.

सूक्ष्मदर्शी: तीस वर्षं लॅबमध्ये काढली, म्हणून लिहितो. टक्केवारी बघून घाबरू नका, ॲब्सोल्यूट बघा. तो पाचशेच्या आत हवा, त्यामुळे तुमचा आकडा खरंच मोठा आहे. स्लाइडवर ही पेशी लगेच ओळखू येते. इओसिन नावाच्या रंगाने तिच्यातले दाणे नारिंगी-लाल होतात आणि केंद्रकाचे दोन गोळे चष्मा लावल्यासारखे दिसतात. १८७९ मध्ये पाउल एर्लिखने या रंगावरूनच तिला ओळख दिली. इस्नोफिलिया हे मात्र रोगाचं नाव नाही, नुसता आकडा आहे. आमच्या काळात हेट्राझान चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जायची, म्हणून सासूबाईंना आठवली.

हळदीकुंकू: रात्री दूध-हळद देऊन बघा, आमच्याकडे सगळ्यांना गुण आला.

छातीठोक: ताई, मी छातीचाच डॉक्टर. भाऊ मूळचा कुठला?

धागाकर्ती: भंडारा जिल्हा, पवनी तालुका. का हो? (हळदीकुंकू, दूध-हळद दोन महिने चालू आहे.)

छातीठोक: कारण तो हत्तीरोगाचा पट्टा आहे. रात्रीचा खोकला, घरघर, बाजरीसारखे ठिपके आणि तीन हजारांच्या वर ॲब्सोल्यूट, असं सगळं एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात आधी ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया येतो, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतामुळे (फिलेरिया) होणारा फुप्फुसाचा आजार. टीबीसारखा दिसणारा पण टीबी नसलेला हा आजार १९४०च्या सुमारास भारतातल्या रुग्णांवरूनच पुढे आला. पाय सुजलेला असावा लागत नाही.

आता प्रतिकारशक्तीचं. जंत एवढा मोठा असतो की पांढरी पेशी त्याला गिळू शकत नाही. म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटून आपल्या दाण्यांतली विषारी प्रथिनं त्याच्यावर ओततात. फिलेरियाची पिल्लं फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की हा मारा तिथेच होतो, आणि त्यात फुप्फुसही पोळतं. भाऊ खंगतोय तो या जास्तीच्या उत्साहापायी. शिवाय या पेशी रक्तात जेमतेम काही तास असतात, मग ऊतींत उतरतात. रक्तातली मोजणी म्हणजे स्टँडवर उभ्या एसट्या मोजण्यासारखं, रस्त्यावर किती धावतायत ते कळत नाही.

छातीवाल्यांकडेच जा. फिलेरियाची अँटिबॉडी, एकूण आयजीई (जंत किंवा ॲलर्जी असली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि लागोपाठ तीन दिवस शौच तपासणी, एवढं विचारा. रात्री घेतलेल्या रक्तात फिलेरियाची पिल्लं सापडली नाहीत तरी फसू नका, या आजारात ती सहसा रक्तात दिसतच नाहीत. स्टेरॉइडची घाई नको: आकडा तात्पुरता उतरेल आणि निदान लांबेल. त्यातून पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत असला तर स्टेरॉइडने तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. औषधांची ॲलर्जी, बुरशीची ॲलर्जी, क्वचित रक्ताचा आजार, हीही कारणं असतात, म्हणून हेट्राझान दुकानातून परस्पर आणू नका. छातीत दुखलं, दम वाढला किंवा हातपाय बधिर झाले, तर थेट दवाखाना. या पेशी हृदय आणि नसाही दुखावतात.

धागाकर्ती: अपडेट. फिलेरियाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, आयजीई भरपूर वाढलेलं, शौचात काही नाही. डॉक्टरांनी वजनावरून डोस काढून २१ दिवस डायइथिलकार्बामाझिन दिलंय, म्हणजे हेट्राझानमधलंच औषध. सासूबाई दोन दिवस हवेत आहेत. सहाव्या रात्रीपासून खोकला उतरला.

डॉक्टरांनी विचारल्यावर भावाने कबूल केलं. गावी आशाताई दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात यायची. समोरच गिळ म्हणायची, तर हा "जेवून घेतो" म्हणून खिशात टाकायचा. आईला धुताना सापडायच्या. आता घरच्या बाकीच्यांनाही तपासायला सांगितलंय. गावाकडे रात्रीच्या रक्ताची तपासणी कुठे होते, कुणी सांगेल का?

सूक्ष्मदर्शी: भंडाऱ्याच्या जिल्हा हिवताप कार्यालयात विचारा. नमुना रात्री साडेआठनंतर घेतात, आईला आधी सांगून ठेवा.