कॅनोबी लेक पार्क आणि तळ्याकाठची जुनी पार्कं : तुमचे अनुभव लिहा

तापीकाठ :
आज सकाळी लेकीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना न्यू हॅम्पशायरमधल्या सेलमला कॅनोबी लेक पार्कच्या गेटवर सोडलं. पहिल्यांदाच एकट्या गेल्यात. गाडी वळवत होते तर झाडांमागून टक टक टक टक असा आवाज आला, मग क्षणभर शांतता आणि मग किंचाळ्या. यांकी कॅननबॉल, तिथला जुना लाकडी रोलर कोस्टर! मला गाडी बाजूलाच घ्यावी लागली, बाबांची इतकी आठवण आली.

२०११ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले होते. बाबा रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर, भुसावळ डिव्हिजन, सगळी नोकरी रुळांवर. आई तळं, झाडं, फुलं बघत फिरली आणि बाबांनी त्या लाकडी कोस्टरसमोरचं बाकडं धरलं ते तासभर उठेचनात. नवऱ्याने फोनवर वाचून सांगितलं की हा १९३० साली कनेटिकटमधे वॉटरबरीच्या एका पार्कात बांधला होता आणि १९३६ ला सुटा करून इकडे आणून उभा केला. पार्क त्याच्याही आधीचं, १९०२ चं, ट्राम कंपनीने काढलेलं, म्हणजे रविवारी लोकांनी तिकीट काढून लाइनच्या टोकापर्यंत यावं म्हणून. हे बाबांना फार पटलं. म्हणाले, मग काय, सुट्टीच्या दिवशी डबे रिकामे कशाला पळवायचे.

ती टकटक साखळीची नाही हे पण त्यांनीच सांगितलं. डबे चढावर मागे घसरू नयेत म्हणून खाली खिट्टी असते, ती एकेका दात्यावर पडते, त्याचा आवाज. मग म्हणाले, रोज सकाळी कोणीतरी हा ट्रॅक पायी चालत असणार बघ, आपल्याकडे रूळ तपासत चालतो त्या कीमनसारखा. मी तिथल्या पोराला विचारलं, तो म्हणाला हो, रोज, उघडायच्या आधी. बाबांचा चेहरा बघायला हवा होतात. चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले चल, आता बसतो. वय ६८! खाली उतरल्यावर एवढंच बोलले, "लाइन चांगली ठेवलीय."

२०१९ ला गेले बाबा. तुम्ही पण लिहा ना, तळ्याकाठचं कुठलंही जुनं पार्क चालेल.

चिंचगूळ :
रडवलंस सकाळी सकाळी. कणीक मळता मळता वाचतेय त्यामुळे टायपो चालवून घ्या.
आमच्या आजेसासूबाई नऊवारीत कॅरोसेलवर, म्हणजे घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या चक्रावर बसल्या होत्या तिथे, घोड्यावर नाही, ते कोरलेलं बाकडं असतं ना त्यावर. पण नंतर दोन फेऱ्या घोड्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्याची आयाळ चाचपून बघत होत्या, हे हाताने कोरलंय म्हणून. खरंच लाकडी आहेत ते घोडे, जुन्या कारागिरांचे. गावाला त्यांचे वडील बैलगाड्या करायचे. आम्ही धपाटे नेले होते ते गाडीपाशी येऊन खाल्ले, आणि येताना रॉकिंगहॅम मॉल, न्यू हॅम्पशायरला सेल्स टॅक्स नाही त्यामुळे ते चुकवायचंच नसतं

अंबाडी :
धपाटे इतक्या वेळाने मऊ कसे राहतात?? माझे तासाभरात चामडं होतात

चिंचगूळ :
दह्यात भिजव, पाणी अजिबात नको, आणि भाजल्यावर कापडात गुंडाळून मग डब्यात.

एरीकाठचा :
आम्ही क्लीव्हलँडकडे. आमचं जिऑगा लेक पार्क २००७ ला बंद झालं. तिथला बिग डिपर १९२५ चा लाकडी कोस्टर, बंद पडल्यावर तो कितीतरी वर्षं तसाच उभा होता, झाडं वेढत चालली होती आणि तळ्याच्या पलीकडून जाताना दिसायचा, मुलगा दर वेळी विचारायचा बाबा परत चालू होणार का. २०१६ ला पाडला. मुलगा तेव्हा कॉलेजात होता, त्यानेच मला फोन करून सांगितलं आणि दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. तुमचं पार्क चालू आहे, जात राहा हो.

तापीकाठ :
अरे रे. वाचूनच गलबललं.

डोंगरवाट :
डेन्व्हरचं लेकसाइड कोणी बघितलंय का? १९०८ पासून चालू आहे. तळ्याभोवती छोटी आगगाडी फिरते, तिची वाफेची इंजिनं १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातली. आम्ही मुद्दाम संध्याकाळी जायचो कारण निऑनचे दिवे लागले की सगळे रंग तळ्यात उतरतात आणि गाडीत बसून ते बघायचं, बास. माझी डिलिव्हरी व्हायच्या आदल्या आठवड्यात बाकी कुठल्याच राइडमधे बसता येत नव्हतं म्हणून त्या गाडीच्या चार फेऱ्या मारल्या होत्या. मुलीला शिट्टीचा आवाज अजून आवडतो :)

रंकाळावेस :
तळं म्हटलं की आमचा रंकाळाच. पाळणा, घोडा, भेळ, आणि शालिनी पॅलेसच्या बाजूने येणारं वारं. अमेरिकेतलं काय माहीत नाही बाबा पण वडील बाकावर बसून राहिले हे वाचून आमचे आण्णा आठवले, ते पण असेच, आम्हाला पाळण्यात बसवून स्वतः पाण्याकडे बघत बसायचे.

अंबाडी :
शनिवारी आम्ही जातोय कॅनोबीला, लेक ४ वर्षांची, पोहायचे कपडे घेऊ का?

चिंचगूळ :
वॉटरपार्कसाठी घे, पण तळ्यात उतरायचं नाही हं, ते सेलम गावाचं प्यायचं पाणी आहे. तळं बोटीतून बघायचं, वल्हंचाक असलेली बोट आहे. आणि फ्राइड डो घे, मैद्याची मोठ्ठी पुरी असते, वर साखर आणि दालचिनी.

अंबाडी :
म्हणजे गोड भटुरा! घेणारच.

रुळावरची_फुलं :
रोज नुसती वाचते, आज राहवलं नाही. माझे वडील कीमन होते, मनमाड साइडला. पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवं निशाण. आई भाकरी बांधून द्यायची. रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी ढिली असली तर ते आवाजावरून ओळखायचे, ठोकली की "बद्द" वाजते म्हणायचे. त्यांच्या कामाची कोणी अमेरिकेतल्या पाळण्याच्या समोर बसून आठवण काढली, हे मी आत्ता आईला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

तापीकाठ :
ताई, काय लिहू. बाबा कायम म्हणायचे की आमच्या सह्यांवर गाड्या चालत नाहीत, कीमनच्या पायांवर चालतात. मनमाडला कुठे होतात तुम्ही? बाबांचं पोस्टिंग ८४ ते ८८ तिकडेच होतं, आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. लेकीला आणायला निघतेय आता, घरी आले की व्यनि (खाजगी निरोप) करते.