प्रति: सबस्टन्स पी रोखले तर वेदना थांबेल का?
सबस्टन्स पी हे रसायन हाच मज्जारज्जूतील वेदनेचा निरोप्या असून तो अडवला की काम झाले, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या, म्हणजे वेदनातंतूच्या, टोकाशी कॅल्शियम आत शिरले की लहान पुटिकांतून (सूक्ष्म पिशव्यांतून) ग्लुटामेट हे दुसरे निरोप्या रसायन क्षणार्धात बाहेर पडते, आणि विळीने बोट कापल्यावरची पहिली कळ मुख्यतः त्याच्यामुळे पोहोचते. सबस्टन्स पी मोठ्या, गडद गाभ्याच्या पुटिकांत असते व तंतू जोराने, वारंवार उद्दीपित झाला तरच सुटते. त्याचे ग्राही, म्हणजे पुढच्या पेशीवरील ते टिपणारे रेणू, रोखणारी औषधे प्राण्यांत आशादायक वाटली, पण माणसांच्या वेदनेवर फसली. त्याच गटातले अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीच्या उलट्यांवर देतात, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

इथे कुणी न मांडलेली बाब अशी की, ग्राही सोडून स्रावालाच हात घालणारे औषध अस्तित्वात आहे. कोनस मॅगस या विषारी सागरी गोगलगायीच्या विषातील पेप्टाइडची (प्रथिनासारख्या छोट्या रेणूची) हुबेहूब कृत्रिम प्रत असलेले झिकोनोटाइड तंतूच्या टोकावरील एन प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत घेणारी दारे, बंद करते, त्यामुळे दोन्ही रसायनांचा स्राव घटतो. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते आणि मात्रा थोडी चढली तरी रुग्णाला भ्रम होऊ शकतो.