कृष्णेत पोहून उजवा खांदा धरलाय

वय ४७, सांगली. उन्हाळ्यात पहाटे आयर्विन पुलाजवळ कृष्णेत फ्रीस्टाइल मारतो. यंदा आठवड्याभरातच अंतर तिप्पट केलं. आता शर्ट घालतानाही खांदा ठणकतो. पोहणं सोडावं लागेल का?

उत्तर : सोडू नका, कमी करा. मलाही हेच झालं होतं. हात वर जाताना खांद्यातला स्नायूबंध हाडाखाली घासतो, आणि अंतर एकदम वाढलं की तो सुजतो. तुम्ही श्वास एकाच बाजूला घेता का? मी घ्यायचे. अंग पुरेसं वळत नव्हतं, सगळा भार खांद्यावर. शिवाय हात पाण्यात डोक्यासमोर आडवा पडायचा, अंगठा आधी. आता खांद्याच्या रेषेत, बोटं आधी. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला महिना लागला, पण खरा फरक त्यानंच पडला.

उत्तर : व्यायामाचा रबर बँडही वापरा. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवायचा, हलक्या ताणानं, दुखेल इतका नाही. रात्री झोपमोड होत असेल किंवा हात उचलायला ताकदच येत नसेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

प्रश्नकर्ता : श्वास फक्त डावीकडेच घेतो! उद्यापासून अंतर पूर्वीइतकंच, तेही दुखलं नाही तरच.