मदत हवी आहे: जमिनीच्या वापरबदलावर हरकत कशी मांडावी?

नमस्कार. आमच्या नगरपरिषदेच्या येत्या सभेत युवकांसाठीचे उपक्रम, घनकचरा व्यवस्थापनाचा आराखडा आणि मैदानासाठी राखीव असलेला एक भूखंड निवासी वापरासाठी खुला करण्याचा प्रस्ताव, असे तीन विषय एकत्र आले आहेत. पहिल्याला सर्वांचाच पाठिंबा दिसतो. माझी खरी चिंता अशी, की हा भूखंड कचरा प्रक्रिया केंद्राला लागून असल्यामुळे तेथे घरे उभी राहिली, तर रहिवाशांना दुर्गंधी आणि साचलेल्या ओल्या कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी यांचा त्रास होईल, केंद्राचा विस्तार अडेल आणि युवकांचे मैदानही जाईल. एकदा बांधकाम झाले की आरक्षण परत आणणे जवळजवळ अशक्य असते, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

हरकतीत भूजलाची तपासणी, वाऱ्याची दिशा आणि केंद्राभोवती ठेवायचे बांधकाममुक्त अंतर हे मुद्दे घेण्याचा विचार आहे. तिन्ही विषयांवर एकच निवेदन द्यावे, की वापरबदलावर स्वतंत्र हरकत नोंदवावी? सुनावणीपूर्वी कोणती कागदपत्रे मागून घ्यावीत? ज्यांनी अशी हरकत घेतली आहे, त्यांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे. मुदत संपत आली आहे.