शब्दचर्चा : ट्रिलियमला मराठीत काय म्हणावे?

पानगळ : कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील मराठी मुलांसाठी तिथल्या रानफुलांची पुस्तिका लिहीत आहे. पांढरे ट्रिलियम १९३७ पासून त्या प्रांताचे अधिकृत फूल आहे. मी त्यास ‘त्रिपर्णी’ म्हटले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘त्रिदल’ केले. योग्य कोणते?

कोशकिडा : बाईंचे बरोबर आहे. वर दिसणारी तीन पाने शास्त्रदृष्ट्या छदे, म्हणजे फुलाखाली येणारी पानांसारखी अंगे, आहेत. खरी पाने जमिनीखालच्या खोडावर खवल्यांच्या रूपात असतात. ‘दल’ म्हणजे पान आणि पाकळीही, त्यामुळे तीन छदे आणि तीन पाकळ्या या दोहोंना तो शब्द पुरून उरतो.

साधीभाषा : पुरून उरतो खरा, पण ‘त्रिदल’ म्हटल्यावर मराठी माणसाला महादेवाचा बेल आठवतो. शिवाय ही वनस्पती एकदल गटातली, म्हणजे ‘त्रिदल हे एकदल आहे’ असे मुलांना शिकवावे लागेल! वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये दिलेले नाव तिळ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आले असे मानतात. मग ‘तिळे’ का नको?

कोशकिडा : कारण संक्रांतीला त्याचे लाडू वळतील.

देवदार : हिमालयात याचीच एक जात आहे आणि हिमाचलात तिला नागछत्री म्हणतात. देशी नाव असताना नवे का घडवायचे?

कोशकिडा : ती जात निराळी; काही अभ्यासक तर तिची प्रजातीही, म्हणजे जातींचा वरचा गटही, वेगळी मानतात. हिमालयाचे नाव ओंटारिओच्या फुलाला चिकटवणे मला पटत नाही.

साधीभाषा : तिकडची लोकनावे पाहावीत. प्रसूती सुकर व्हावी आणि रक्तस्राव थांबावा म्हणून तिथले आदिवासी समाज याचे मूळ वापरीत, त्यावरून इंग्रजीत ‘बर्थरूट’ रूढ झाले. आपल्याकडे बाळंतशेपा आहेच, त्या धर्तीवर ‘बाळंतमूळ’ सहज रुळेल.

देवदार : बाळंतशेपा बाळंतिणीला देतात, हे मूळ अडलेल्या बाईला देत. फरक लहान नाही.

साधीभाषा : लोकभाषा इतकी काटेकोर नसते. लाल ट्रिलियमला कुजक्या मांसासारखा वास येतो, माश्या त्याचे परागण करतात आणि त्याला ‘स्टिंकिंग बेंजामिन’ म्हणतात. यातला बेंजामिन कुणी गृहस्थ नव्हे. तो ‘बेंझॉइन’ या सुगंधी राळेच्या नावाचा अपभ्रंश आहे आणि मूळ शब्द अरबी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान.

देवदार : म्हणजे आपला ऊदच की.

कोशकिडा : ऊद आणि लोबान एक नव्हेत. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, विशेषतः अगरू.

साधीभाषा : अरबीत असेल. आमच्या घरी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकत तो लोबानच, आणि त्याला सगळे ऊदच म्हणत.