इन्सॅट-३डीआर: ढगविरहित परावर्तकतेसाठी ३० दिवसांचं किमान मूल्य का फसतं?

भूपृष्ठ
सौर किरणोत्साराच्या अंदाजासाठी इन्सॅट-३डीआर या भारतीय हवामान उपग्रहाच्या दृश्य चॅनेलवरून (०.५५ ते ०.७५ मायक्रॉन, १ किमी) महाराष्ट्राचा ढगविरहित परावर्तकतेचा (ढग नसताना जमीन किती प्रकाश परत फेकते त्याचा) नकाशा करतोय. रोजच्या एकाच वेळेची ३० दिवसांची चित्रं घ्यायची आणि दर पिक्सेलचं सर्वांत कमी मूल्य ठेवायचं, एवढीच पद्धत. एप्रिलचा नकाशा पटतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथा एप्रिलपेक्षा उजळ येतो, उजनी जलाशयाच्या काठचे पिक्सेल पाण्याइतके काळे राहतात, आणि मार्चच्या मध्याला ०७:१५ यूटीसीच्या (भारतीय वेळ दुपारी पाऊण) चित्रात आकाश निरभ्र असूनही ढग-निर्देशांक (जमीन ० आणि सर्वांत उजळ ढग १ धरला तर पिक्सेल मधे कुठे बसतो तो आकडा) वर चढतो. किमान मूल्याऐवजी काय घ्यावं?

ढगछाया
किमान काढण्याआधी प्रत्येक मूल्याला सूर्याच्या शिरोबिंदू-कोनाच्या (सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश कललाय त्याच्या) कोसाइनने भागलंय का? फाइलमधल्या 'अल्बेडो' (परावर्तकता) तक्त्यावर विसंबू नका. निरभ्र दिवशी एका पिक्सेलचा दिवसभराचा आलेख काढा. तो घुमटासारखा आला तर भागाकार झालेला नाही. मग मार्च किंवा सप्टेंबरच्या ३० दिवसांत सूर्य सुमारे १२ अंश सरकतो आणि 'किमान' म्हणजे फक्त सूर्य सर्वांत खाली असलेला दिवस ठरतो. कोन ७० अंशांपुढे गेला की ते चित्र सोडून द्या.

दुसरं कारण ढगांच्या सावल्या. १० किमी उंचीच्या ढगमाथ्याची सावली शिरोबिंदू-कोन ६० अंश असताना १७ किमी लांब पडते. किमान मूल्य नेमकी तीच उचलतं. म्हणून एकटं सर्वांत कमी मूल्य कधीच घेऊ नये; खालून दुसरं ते चौथं यांची सरासरी घ्या.

काळी_माती
वरची सरासरी कोरड्या महिन्यांत उत्तम. पावसाळ्यात मात्र घाटावर महिन्यात चार निरभ्र चित्रंही मिळत नाहीत, तिथे तिसरं-चौथं मूल्य ढगाचंच असतं. घाटमाथा उजळतो तो यामुळेच. खरं तर हिरवळ आल्यावर तो काळवंडायला हवा, कारण या पट्ट्यातला लाल प्रकाश हरितद्रव्य शोषून घेतं.

ही चूक किती महागात पडते ते पाहा. परावर्तकता जमिनीची ०.१२, ढगाची कमाल ०.८० आणि पिक्सेलची ०.२५ असेल तर निर्देशांक ०.१९. जमीन चुकून ०.१८ धरली की तो ०.११ होतो आणि किरणोत्सार (तो '१ उणे निर्देशांक' या प्रमाणात धरला तर) जवळपास दहा टक्के जास्त निघतो.

खिडकी ६० दिवसांची केली तर जूनची तपकिरी जमीन आणि ऑगस्टची हिरवी जमीन एकत्र मिसळते, त्यामुळे तो उपाय नव्हे. आधी १०.८ मायक्रॉनच्या तापमानावरून थंड ढगमाथे काढून टाका. घाटावरचे बुटके, उबदार ढग मात्र त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी शेजारच्या पिक्सेलमधला फरकही तपासा. मग उरलेली दिवसभराच्या सगळ्या वेळांची निरभ्र मूल्यं एकत्र घेऊन तीन गुणांकांचं दिशासापेक्ष प्रारूप (सूर्य आणि उपग्रहाच्या दिशांनुसार परावर्तकता कशी बदलते ते सांगणारं सूत्र) बसवा. ०७:१५ला एकही निरभ्र क्षण नसला तरी सकाळच्या दोन-तीन मूल्यांवरून अंदाज येतो. दहापेक्षा कमी मूल्यं असतील तर प्रारूपाचा आकार मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याचा ठेवा आणि फक्त पातळी बदला.

किनारारेषा
मार्चची गोष्ट वेगळी आहे, तिथे ढगांचा संबंध नाही. उपग्रह ७४ अंश पूर्वेला, म्हणजे जवळजवळ पुण्याच्याच रेखांशावर. पुण्याहून तो शिरोबिंदूपासून सुमारे २१.७ अंश दक्षिणेला दिसतो. १२ मार्चच्या आसपास दुपारी पाऊणच्या सुमारास (०७:१५ यूटीसी) सूर्य बरोबर त्याच्या मागे येतो. झाडाची, ढेकळाची सावली त्या वस्तूमागेच लपते आणि जमीन उजळते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा असंच होतं, फक्त वेळ वीसेक मिनिटं अलीकडे. तुमचं किमान बाकीच्या दिवसांवरून आलेलं, म्हणून हे दिवस ढगाळ भासतात. दिशासापेक्ष प्रारूपात हा उजाळा धरलेला नसेल तर प्रकीर्णन-कोन (प्रकाश किती अंशांनी वळला तो; १८० म्हणजे सरळ मागे) १७५ अंशांपुढची चित्रं वगळा.

उजनीचा दोष चित्र सरकण्याचा. एक पिक्सेल इकडेतिकडे झालं तरी काठच्या जमिनीवर पाणी येतं आणि किमान मूल्य तेच धरून बसतं. प्रत्येक चित्र कोकण किनाऱ्याच्या रेषेशी जुळवून घ्या. ढगांनी किनारा झाकला असेल तर आधीच्या चित्राची दुरुस्ती वापरा.

भूपृष्ठ
आलेख काढला, घुमटच आला. भागाकार झालेलाच नव्हता. आता कोसाइन आणि किनारा जुळवणी आधी करतो, प्रारूप त्यानंतर. संवेदकाची झीज (काळानुसार घटणारी संवेदनक्षमता) तपासायला कच्छचं पांढरं रण चालेल का?

किनारारेषा
नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि मीठ सुकताना उजळपणा बदलत राहतो. थरमधला वनस्पती नसलेला वाळूचा पट्टा घ्या, तोही फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, धुळीचे दिवस टाळून.