ऑफिसच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला हवं?

खर्डेघाशा:
आमच्या ऑफिसचे लॅपटॉप बदलायचेत आणि खरेदी माझ्या गळ्यात पडलीय. हिशेबवाले, मार्केटिंगवाले, दोन ड्राफ्ट्समन, झाडून सगळ्यांची मागणी एकच: "ग्राफिक्स कार्डवाला घ्या, फास्ट चालतो." काय फास्ट चालतो, ते कुणी सांगत नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझरचे पन्नास टॅब, दिवसभराच्या मीटिंगा, यातल्या कशाला वेगळं कार्ड लागतं? एक्सेलची आकडेमोड प्रोसेसर करतो. मीटिंगच्या व्हिडिओसाठी इंटेलच्या चिपमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाचा स्वतंत्र भाग आहे. फोरकेचे दोन मॉनिटर आताचं इनबिल्ट, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, ग्राफिक्स आरामात चालवतं. कार्डाबरोबर वजन, पंख्याची घरघर आणि जाडजूड चार्जर फुकट मिळतो, एवढंच. त्यापेक्षा त्याच पैशात रॅम वाढवा, बरा स्क्रीन घ्या. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सॉफ्टवेअरचं नाव घेऊन बोलावं.

चाकणकर_डिझायनर:
घेतो नाव. सॉलिडवर्क्स, मशीनचे भाग थ्रीडीत डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. असेंब्लीत, म्हणजे जोडलेल्या मॉडेलात, हजारभर पार्ट झाले की इनबिल्टवर मॉडेल फिरवताना हात आणि स्क्रीन यांची फारकत होते. हिशेबवाल्याच्या मापाने सगळ्यांचे शर्ट शिवू नका. ड्राफ्ट्समनना विचारलंत तरी का, ते काय चालवतात?

खर्डेघाशा:
विचारलं. ऑटोकॅड, आणि तेही टूडी. त्याला एका कोरचा वेग लागतो, कार्ड नाही. आणि तुमच्या सॉलिडवर्क्सचंही अर्धंच सांगितलंत. रिअलव्ह्यू, म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं चकचकीत दाखवणारी सोय, हवं असेल तर वर्कस्टेशनचं प्रमाणित कार्ड लागतं. दुकानदार "कार्डवाला" म्हणून गळ्यात मारतो ते गेमिंगचं जीफोर्स. त्यावर रिअलव्ह्यूचं बटण राखाडीच राहतं.

चाकणकर_डिझायनर:
राहू दे राखाडी. चकचकीत दिसण्यासाठी मी कार्ड घेत नाही, मॉडेल फिरावं म्हणून घेतो, आणि ते जीफोर्सवर फिरतं. वर्कस्टेशन मशीनची किंमत बघा एकदा, छोट्या वेंडरने ती कुठून आणायची? दुसरं, आज टूडी आहे, उद्या कस्टमर थ्रीडी मागेल. रॅम नंतर टाकता येते, कार्ड टाकता येत नाही.

स्क्रूड्रायव्हर:
लॅपटॉप दुरुस्ती हा माझा धंदा, म्हणून मध्ये बोलतो. "रॅम नंतर टाकता येते" हे आता धरून चालू नका. पातळ मॉडेलांत ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते. घेताना जी मिळाली, ती शेवटपर्यंत.

आणि इनबिल्टला "स्लो" म्हणणाऱ्यांनी मागचं झाकण उघडून बघावं. इनबिल्टला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं. एकच स्टिक असेल तर डीडीआर४-३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी एवढीच वाट मिळते. दोन असतील तर ५१.२. इंटेलची अट तर अशी आहे की ड्युअल चॅनल, म्हणजे रॅम दोन वाटांनी जोडलेली, नसेल तर इनबिल्टला 'आयरिस एक्सई' हे वरच्या दर्जाचं नावही मिळत नाही, तीच चिप डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएचडी' म्हणून दिसते. गिऱ्हाईक येतं, म्हणतं फसवलं. मी जोडीची दुसरी स्टिक टाकतो, की नाव बदलतं. ऑफिस मॉडेलं ८ जीबीच्या एकाच स्टिकवर सर्रास खपवली जातात, खरी रड तिथे आहे.

स्वस्तातलं कार्ड मात्र मुळीच घेऊ नका. एनव्हिडियाच्या एमएक्स१५० सारख्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरही, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भागही, नव्हता. ते काम शेवटी इनबिल्टच करायचं.

तुळई:
मी इंटिरियरवाली. एन्स्केप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटला घर फिरवून दाखवते, इनबिल्टवर ते कामाचं नाही. इथे वाद घालायला जागाच नाही. क्लायंट "ही भिंत काढली तर?" म्हणतो आणि मी समोरच काढून दाखवते, ऑर्डर तिथे मिळते. दुसऱ्या दिवशी रेंडर पाठवून ती मजा नाही.

खर्डेघाशा:
ताई, मग ऑफिसात एक दणकट डेस्कटॉप ठेवा आणि हलक्या लॅपटॉपवरून रिमोटने चालवा. खर्चही कमी.

तुळई:
अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात रेंज मिळवून दाखवा, मग बोलू. एक मात्र मान्य. बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे साइटवर आधी प्लग शोधावा लागतो. तुमची तक्रार खरी असलेली ही एकच जागा.

कात्री:
मार्केटिंगवाले व्हिडिओ कापत असतील तर गंमत ऐका. बरेच नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी देतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ. इंटेलची ११व्या पिढीपासूनची इनबिल्ट ग्राफिक्स ते थेट डिकोड करतात, म्हणजे उलगडून दाखवतात. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत केली. म्हणजे नुसती कापाकापी असेल तर जुन्या महागड्या कार्डापेक्षा साधी इंटेल चिप हे फुटेज सुरळीत पळवते. दा विंची या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चित्रातले दाणे (नॉइज) काढणं, रंगांचं जड ग्रेडिंग असलं काही असेल तर मात्र कार्ड आणि त्याची मेमरी दोन्ही लागतात. तिथे कंजूषी नको.

खतावणी:
जीएसटीचं क्रेडिट मिळेल म्हणून महागडं घेऊ नका, एवढं सांगते. कार्डवाला असो वा बिनकार्डाचा, दोन्हींवर १८ टक्केच आहे, आणि छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट शून्य.

चाकणकर_डिझायनर:
खर्डेघाशा, वाद सोडा, एक करा. ड्राफ्ट्समनना त्यांची सगळ्यात जड फाइल उघडून झूम-पॅन करायला सांगा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपचा, आलेख बघा. जीपीयू शंभरच्या आसपास चिकटून राहिला तर कार्ड घ्या. तो निवांत असेल आणि प्रोसेसरचा एखादाच कोर घामाघूम दिसला तर तुमचं खरं. पण आधी त्या मशीनमध्ये रॅमच्या किती स्टिक आहेत ते बघा.

खर्डेघाशा:
सोमवारी बघतो. हिशेबवाल्यांना इनबिल्टच, ८-८ च्या दोन स्टिकसह, त्यात बदल नाही. मार्केटिंगला इंटेल. ड्राफ्ट्समनचं आलेखावर सोडलं.

स्क्रूड्रायव्हर:
कोटेशनमध्ये "१६ जीबी" एवढंच लिहून पाठवू नका, "८ + ८" असं स्पष्ट लिहा. नाहीतर १६ ची एकच स्टिक येईल आणि विक्रेता म्हणेल, मागितली तेवढी दिली की.